जुनी छोटी पेट्रोल गाडी घेताना: कागद, पत्रा आणि इंजिन यांची पारख

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस सर्वांत आधी विचारतो तो प्रश्न ‘कोणते मॉडेल भरवशाचे?’ हा असतो. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर ज्या छोट्या पेट्रोल गाड्या जागोजागी दिसतात, म्हणजे मारुतीच्या ऑल्टो, वॅगन-आर, सेलेरिओ आणि स्विफ्ट, ह्युंदाईची ग्रँड आय-10, टाटाची टियागो, त्यांची रचना साधी आहे, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि काम जाणणारे मिस्त्रीही मिळतात. त्यामुळे या मॉडेलांच्या आपापसातल्या फरकापेक्षा एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांमधला फरक बहुतेक वेळा मोठा निघतो. वेळच्या वेळी ऑइल बदललेली सात वर्षांची वॅगन-आर पुढेही बिनतक्रार चालू शकते, आणि तीच गाडी ऑइल न बदलता किंवा इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटऐवजी नळाच्या पाण्यावर चालवली गेली असेल, तर चार वर्षांतच तिचे इंजिन उघडावे लागते.

विक्रीला काढण्यापूर्वी बहुतेक गाड्या ‘तयार’ केल्या जातात. बाहेरून पॉलिश, आतून ड्रायक्लीन, इंजिनवर चकाकी आणणारा फवारा, स्टिअरिंगला नवे कव्हर, टायरला काळा रंग इतके झाले की गाडी निम्म्या वयाची दिसते. यात फसवणूक असतेच असे नाही, कारण घर विकतानाही रंग देतातच. मात्र तपासणाऱ्याने या तयारीचा हात जिथे पोहोचत नाही अशा जागा ओळखून आपला वेळ तिथे घालवावा. पुढचा क्रम त्याच बेताने लावला आहे. बिनखर्चाच्या आणि घरबसल्या होणाऱ्या तपासण्या आधी घेतल्या आहेत आणि मेकॅनिकला पैसे देऊन करायच्या तपासण्या नंतर, म्हणजे नाकारण्याजोगी गाडी लवकर नाकारता येते.

कोणत्या सालची गाडी घ्यावी

किमतीचा अंदाज बांधताना 22 सप्टेंबर 2025 ही तारीख ध्यानात ठेवावी. 1200 सीसीपर्यंतचे इंजिन आणि चार मीटरपर्यंतची लांबी असलेल्या पेट्रोल गाड्यांवर त्या दिवसापर्यंत 28 टक्के जीएसटी आणि वर 1 टक्का उपकर होता, तो त्या दिवसापासून 18 टक्के झाला आणि नव्या छोट्या गाड्या स्वस्त झाल्या. विकणारा मात्र अजूनही ‘मी इतक्याला घेतली होती’ असे स्वतःच्या जुन्या बिलावर बोट ठेवून सांगतो. ते बिल बाजूला ठेवून त्याच गाडीची आजची ऑन-रोड किंमत शोरूममधून काढावी. दोन वर्षांच्या गाडीची मागणी आजच्या नव्या किमतीच्या फार जवळ असेल, तर जुनी घेण्यात अर्थ उरत नाही. माझ्या मते चार ते सात वर्षांची गाडी सर्वांत किफायतशीर असते, कारण किमतीतली मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि मोठ्या दुरुस्त्या अजून दारात आलेल्या नसतात.

सुरक्षेच्या नियमांमुळेही साल महत्त्वाचे आहे. जोरात दाबले तरी चाके जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक सर्व नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून बंधनकारक झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सरसकट मिळू लागली ती 2022 उजाडल्यावर. त्याआधीच्या मूळ व्हेरिएंटमध्ये यांपैकी काहीही नसण्याची शक्यता असल्याने 2018 ची आणि 2020 ची अशा दोन ऑल्टो समोर असतील, तर किमतीतला फरक नुसता दोन वर्षांचा मानू नये. भारत स्टेज-6 चे प्रदूषणाचे निकष 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि त्याला अनुरूप साहित्य वापरलेल्या गाड्या एप्रिल 2023 पासून येऊ लागल्या. त्यापूर्वीची गाडी टाळावी असे नाही, परंतु तिच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि जोड नीट पाहावेत, आणि बॉनेट उघडताच पेट्रोलचा वास आला तर त्याचे कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नये.

इंजिनातले व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडण्यासाठी टायमिंग बेल्ट आहे की चेन, हेही आधी माहीत करून घ्यावे. मारुतीच्या के-सीरीज इंजिनांत आणि ह्युंदाईच्या 1.2 लिटर कप्पा इंजिनात चेन असते. ऑल्टो 800 चे 796 सीसी इंजिन, जुनी सँट्रो झिंग आणि आय-10 चे 1.1 लिटर इंजिन यांत रबरी बेल्ट असतो, आणि तो कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतराला बदलावाच लागतो. बेल्ट बदलल्याचे बिल नसेल तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे व तो खर्च किमतीतून वजा करावा. भारतातला व्यवसाय गुंडाळलेल्या ब्रँडच्या गाड्या फार स्वस्त मिळतात. शेवरोलेने 2017 मध्ये येथील विक्री थांबवली, फोर्डने 2021 मध्ये उत्पादन बंद करण्याची घोषणा केली आणि डॅटसन 2022 मध्ये बंद झाली. आपल्याच गावात त्या गाडीचे काम जाणणारा मिस्त्री आणि सुटे भाग देणारा दुकानदार दोघेही असतील तरच त्या स्वस्ताईचा विचार करावा.

गाडी पाहण्याआधी कागद पाहावेत

गाडीचा क्रमांक हाती येताच एमपरिवहन ॲप किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, इंधनाचा प्रकार, विमा आणि पीयूसीची मुदत आणि कर्जाची नोंद पाहून घ्यावी. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते व मालक कितवा आहे हेही समजते. ‘सिंगल ओनर’ म्हणून जाहिरात केलेली गाडी नोंदीत तिसऱ्या मालकाची निघाली, तर पुढचे काहीच तपासण्याची गरज राहत नाही, कारण जो माणूस उघड्या नोंदीबाबत खोटे बोलतो तो झाकलेल्या इंजिनाबाबत खरे बोलेल असे मानता येत नाही. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नये. न भरलेली ई-चलने याच टप्प्यावर पाहावीत. रक्कम किरकोळ असली तरी वारंवार अतिवेगाची चलने असतील, तर गाडी कशी हाकली गेली याचा तो लेखी पुरावाच असतो.

विम्याची पॉलिसी बहुतेक जण केवळ मुदतीसाठी पाहतात. तिच्यात नो क्लेम बोनसचा आकडा असतो आणि तो फार बोलका आहे. एक वर्ष दावा न केल्यास 20 टक्के, मग क्रमाने 25, 35, 45 आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के अशी ती सूट वाढत जाते आणि साधारणपणे एका दाव्यासरशी शून्यावर येते. एकाच मालकाकडे सहा वर्षे असलेल्या गाडीच्या चालू पॉलिसीवर 20 टक्के लिहिले असेल, तर मागच्या वर्षी दावा झाला नाही, पण त्याच्या आदल्या वर्षी बहुधा झाला आहे. अशा वेळी शांतपणे ‘तेव्हा काय काम केले होते?’ एवढेच विचारावे आणि त्या दुरुस्तीचे बिल मागावे. बंपर आणि दिवा बदलला असेल तर काळजीचे कारण नाही. या आकड्याला निर्दोष कारणेही असतात. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असल्यामुळे मालकी बदलली की नव्या मालकाच्या नावे तो शून्यापासून सुरू होतो, विमा संपून 90 दिवस उलटले तरी तो जातो, आणि काही पॉलिसींत तो राखून ठेवण्याचे जादा संरक्षणही घेतलेले असते. शिवाय रोख पैसे देऊन केलेले डेंटिंग-पेंटिंग विम्याच्या कागदात येतच नाही. तरीही विकणाऱ्याच्या तोंडी हकिकतीशी ताडून पाहायला हाती एक आकडा राहतो.

तिसरा कागद म्हणजे कंपनीच्या वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्ट्री. विकणाऱ्याने आपल्या ॲपवरून किंवा वर्कशॉपला फोन करून ती मागवावी अशी विनंती करावी, कारण मालकाच्या संमतीने ती सहज मिळते. समजा, 2018 च्या वॅगन-आरच्या मीटरवर 38,000 किलोमीटर दिसत आहेत आणि जानेवारी 2022 च्या सर्व्हिसच्या नोंदीत 61,000 लिहिले आहेत, तर मीटर मागे फिरवला आहे हे सांगायला मेकॅनिक लागत नाही. बारकाईने पाहण्याचा प्रकार वेगळा असतो. नोंदी 2021 पर्यंत दर वर्षी 14-15 हजार किलोमीटरच्या हिशेबाने आहेत, त्यानंतर कंपनीची सर्व्हिसच नाही आणि मीटर मात्र तीन वर्षांत फक्त 9,000 पुढे गेला आहे. मालक निवृत्त झाले असतील, दुसरी गाडी घेतली असेल, किंवा मीटरला हात लागला असेल. अशा वेळी गाडीच्या आतल्या खुणा निकाल देतात. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर, गिअरच्या गाठीवरचे आकडे, चालकाच्या सीटची दाराकडील कड, काचेच्या बटणांवरची छपाई या जागा 40,000 किलोमीटरला जवळजवळ शाबूत असतात. पेडलचे रबर एका बाजूने झिजून गुळगुळीत झाले असेल, किंवा याउलट जुन्या गाडीत पेडलची रबरेच तेवढी कोरी करकरीत असतील, तर मीटरवर विसंबू नये.

टायरवरील चार आकडी शिक्काही याच कामी येतो. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. मीटरवर 25,000 किलोमीटर असलेल्या 2018 च्या गाडीला चारही टायर 2022 चे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का गेले, हे विचारलेच पाहिजे. टायरच्या खाचेतील झिजेची खूण 1.6 मिलिमीटरवर असते. झीज तिथपर्यंत पोहोचली असेल, तर नव्या टायरचा खर्च लगेच उभा आहे असे समजावे.

परराज्यातील गाडी, विशेषतः दिल्ली पासिंगची, बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त दिसते, कारण दिल्ली आणि परिसरात जुन्या गाड्यांवर वयाचे निर्बंध आल्याने त्या इतर राज्यांत उतरवल्या जातात. महाराष्ट्रात ती नियमित वापरायची, तर मूळ आरटीओची एनओसी, येथील पुनर्नोंदणी आणि गाडीच्या वयानुसार येथील एकरकमी कर असा सगळा व्याप आपल्याकडे येतो. हा खर्च आणि हेलपाटे धरून बेरीज करावी. स्वस्ताई बहुतेक वेळा तिथेच संपते.

विशिष्ट काळात बनलेल्या गाड्या कंपनीने परत बोलावल्या होत्या का, हेही चॅसी क्रमांकावरून कंपनीच्या संकेतस्थळावर समजते. उदाहरणार्थ, मारुतीने ऑगस्ट 2019 मध्ये 1.0 लिटर वॅगन-आरच्या 40,618 गाड्या इंधनाच्या नळीच्या तपासणीसाठी बोलावल्या होत्या, आणि जुलै 2020 मध्ये इंधन पंपासाठी वॅगन-आर व बलेनोच्या मिळून 1,34,885 गाड्या बोलावल्या. गाडी त्या काळातली असेल, तर काम झाल्याची नोंद वर्कशॉपमध्ये विचारावी. काम राहिले असल्यास कंपनी ते मोफत करून देते.

पत्रा आणि पुराचे पाणी

गाडी नेहमी दिवसाउजेडी, कोरडी असताना आणि मोकळ्या जागेत पाहावी. संध्याकाळी, पावसात किंवा नुकतीच धुतलेली असताना रंगातला फरक डोळ्यांना कळत नाही. चार-पाच पावले मागे जाऊन कडेकडेने नजर फिरवावी, दरवाजा व फेंडर यांच्यातील फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का ते पाहावे आणि पत्र्यावर बोटाने टिचकी मारत जावे. लांबी (खड्डा बुजवणारी पुट्टी) भरलेल्या जागी आवाज बद्द येतो. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मेकॅनिककडे असल्यास उत्तम. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास भरतो. 200 च्या वर गेल्यास रंग पुन्हा मारलेला असावा आणि 500 च्या पुढे आकडा गेला तर खाली लांबी आहे. एका फेंडरला पुन्हा रंग असणे ही आपल्या शहरांतल्या गाडीसाठी सामान्य गोष्ट आहे आणि तेवढ्यावरून चांगली गाडी सोडणे शहाणपणाचे नाही.

गाडीचा सांगाडा सरकलेला असेल, तर मात्र ती स्वस्तातही घेऊ नये. ते ओळखण्याची चांगली जागा दरवाज्यात आहे. दरवाजा उघडून चौकटीवर दाबून बसवलेले काळे रबरी बीडिंग हाताने थोडे ओढून काढावे. आत पत्र्याची कड दिसते आणि तिच्यावर यंत्राने केलेल्या वेल्डिंगचे गोल, उथळ खळगे जवळजवळ सारख्या अंतराने ओळीत दिसतात. डेंटरने पिलर, म्हणजे छताला आधार देणारा खांब, कापून जोडला असेल, तर तिथे ते खळगे नाहीसे झालेले, वेडेवाकडे किंवा रंगाच्या थराखाली बुजलेले दिसतात आणि कड हाताला खडबडीत लागते. विकणाऱ्याने यास हरकत घेण्याचे कारण नाही, कारण बीडिंग पुन्हा दाबले की जागेवर बसते. हीच नजर बॉनेटखाली दोन्ही बाजूंच्या ॲप्रनवर (फेंडरच्या आतल्या पत्र्यावर) आणि रेडिएटरच्या पुढच्या आडव्या पट्टीवर, तसेच डिकीत स्टेपनीखालच्या खोलगट जागेत फिरवावी. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडला गेला असेल, तर तो भाग कधीतरी खोललेला आहे. काचांच्या कोपऱ्यातील शिक्क्यांवर कंपनी आणि साल असते. सगळ्या काचा एका वर्षाच्या आणि एकच वेगळी असेल, तर त्या बाजूचा पत्रा पुन्हा एकदा पाहावा.

महाराष्ट्रात पुराची तपासणी वेगळी करावी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण-महाडला पुराचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले आणि असंख्य गाड्या त्यात उभ्या राहिल्या. बुडालेल्या गाड्या विमा कंपन्या पूर्ण नुकसान धरून विकून टाकतात आणि त्यांतल्या काही दुरुस्त होऊन दुसऱ्या शहरांत विक्रीला येतात. एमएच-08, 09 किंवा 10 पासिंग पाहूनच शंका घेणे अन्यायाचे आहे, कारण त्या जिल्ह्यांतल्या बहुसंख्य गाड्यांना पाणी लागले नव्हते, आणि पुण्या-मुंबईतल्या तळघरातही पाणी भरते. पासिंग कोणतेही असो, तपासणी करावीच. चालकाचा सीटबेल्ट रिळातून शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आतली सफाई करणारा माणूस बेल्टचा बाहेर दिसणारा भाग धुतो, पण रिळात गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्टीवर गाळाची पिवळसर रेघ किंवा बुरशीचे ठिपके तसेच राहतात. मग सीट पूर्ण मागे सरकवून खालच्या रुळांचे बोल्ट पाहावेत. कोरड्या केबिनमध्ये त्यांना लाल गंज चढायला सहसा काही कारण नसते. पायाखालचे मॅट उचलून जाजमाखालच्या फोमवर हात दाबावा, डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्समधील पितळी टोकांवर हिरवट थर आहे का ते पाहावे आणि गाडीत उग्र अत्तर मारले असेल, तर काचा बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा आत बसून वास घ्यावा. पुरातली गाडी पहिले काही महिने व्यवस्थित चालते. वायरिंग आणि सेन्सर नंतर एकेक करून बिघडू लागतात आणि त्याचा शेवट कुणालाच सांगता येत नाही. म्हणून ती कितीही स्वस्त मिळाली तरी नाकारावी.

मुंबई आणि कोकणच्या किनाऱ्यालगत राहिलेल्या गाडीत खाऱ्या हवेचा गंज वेगळाच असतो. तो वरून दिसत नाही. दरवाज्यांच्या खालच्या कडा, सायलेन्सरच्या पट्ट्या आणि जॅक लावण्याच्या जागा यांना तो आधी धरतो.

थंड इंजिन

इंजिनची खरी परीक्षा ते थंड असतानाच होते. म्हणून ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे आणि पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटला, मग इंजिनच्या झाकणाला हात लावून पाहावा. सांगूनही इंजिन गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे, कारण गरम इंजिन सुरू होण्यातल्या अडचणी, चेनची खडखड आणि पहिला धूर हे तिन्ही लपवते.

सुरू करण्यापूर्वी डिपस्टिक काढून ऑइलची पातळी आणि रंग पाहावा. काळे ऑइल हा दोष नव्हे. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर मात्र गाडी ऑइल खाते किंवा मालक लक्ष देत नाही, आणि दोन्ही गोष्टी वाईटच. ऑइलचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला दुधाळ साय जमली आहे का ते पाहावे. फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ओलाव्याने पावसाळ्यात थोडी साय जमते, परंतु डिपस्टिकवरचे ऑइलही दुधाळ असेल, तर हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलमधून, कूलंट ऑइलमध्ये जात असण्याची दाट शक्यता असते. कूलंटच्या टाकीत हिरवे, लाल किंवा निळे स्वच्छ द्रव असावे. तांबूस गढूळ पाणी म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतले आहे आणि रेडिएटर व इंजिन आतून गंजले आहे. लहान पेट्रोल इंजिन तापून बसण्याची सुरुवात बहुधा अशीच होते.

आता चावी फिरवून सुरू न करता थांबावे आणि डॅशबोर्डवरचे दिवे मोजावेत. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस आणि एअरबॅग हे दिवे पेटले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझले पाहिजेत. जो दिवा पेटतच नाही त्याचा बल्ब काढलेला असू शकतो. एअरबॅगचा दिवा दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवण्याची चलाखीही केली जाते. अपघातात एअरबॅग उघडून गेली आणि नवी बसवलीच नाही, हे झाकण्याचा तो सोपा मार्ग असतो, म्हणून या एका दिव्याकडे विशेष लक्ष द्यावे.

एका माणसाला मागे सायलेन्सरपाशी उभे करून गाडी सुरू करावी. सकाळच्या गारव्यात थोडी पांढरी वाफ निघून विरून जाणे स्वाभाविक आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, दाट पांढरा आणि न विरणारा धूर म्हणजे कूलंट जळत असण्याची शक्यता, आणि काळा धूर म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जाते आहे. चेनच्या इंजिनात सुरुवातीला क्षणभर खडखड ऐकू येऊन थांबली तर हरकत नाही, ती चालूच राहिली तर चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर झिजला आहे. त्यानंतर एसी पूर्ण चालू करून गाडी पंधरा-वीस मिनिटे जागेवर चालू ठेवावी. इंजिन थरथरते का, आरपीएम खाली-वर होतो का, तापमान किती चढते आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर लागून बंद होतो का, हे याच काळात कळते. विकणारा कंटाळतो, पण हा वेळ कमी करू नये.

चालवून पाहणे

निवांत, सपाट रस्त्यावरच्या एका फेरीत काहीही समजत नाही. वाटेत चढ, स्पीडब्रेकर, थोडा खराब रस्ता आणि थोडा मोकळा रस्ता हवा, आणि खिडक्या उघड्या, टेप बंद हवा. क्लच तपासण्यासाठी चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगाने जात असताना ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबावा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला, तर क्लच प्लेट घसरते आहे. उतारावर गिअरमध्ये ठेवून, ॲक्सिलरेटर सोडून गाडी खाली येऊ द्यावी आणि उतार संपताच पुन्हा दाबून आरशात मागे पाहावे. त्या क्षणी निळा लोट निघाला, तर ऑइल व्हॉल्व्हच्या सीलमधून गळते आहे. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून हळू गोल फिरवताना ‘कट-कट’ असा आवाज आला, तर चाके फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट गेले आहेत. मागून कुणी येत नाही हे पाहून जोरात ब्रेक लावावा आणि गाडी एका बाजूला ओढते का ते पाहावे.

क्लच आणि गिअर आपोआप चालवणाऱ्या एएमटी गाडीत थोडा अधिक वेळ द्यावा. चढावर थांबून पुन्हा निघताना, रिव्हर्समध्ये आणि ट्रॅफिकमध्ये रांगताना ती झटके देते का आणि गिअर सांगताच पडतो का, हे पाहावे. या गाड्यांत क्लच साधाच असतो, परंतु तो दाबणारी यंत्रणा बिघडली तर खर्च मॅन्युअल गाडीच्या कित्येक पट होतो, त्यामुळे शंका असेल तर मॅन्युअल घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. सीएनजी बसवलेल्या गाडीची आरसीवर तशी नोंद हवी आणि टाकीच्या दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टचे प्रमाणपत्र हवे. ‘किट काढून टाकले’ असे सांगितले, तर डिकीतली छिद्रे पाहावीत, आरसीवरील इंधनाची नोंद बदलली आहे का ते विचारावे आणि गाडी त्या काळात खूप फिरली असणार, हे मनात ठेवून मीटरकडे पाहावे.

रॅम्पवर, आपल्या मेकॅनिकसोबत

इथवर गाडी टिकली, तरच मेकॅनिकला बोलवावे आणि तो विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा. गाडी रॅम्पवर चढवून इंजिन व गिअरबॉक्सच्या जोडावरची गळती, लोअर आर्मचे बुश, शॉकअब्सॉर्बरमधून झिरपणारे तेल, ड्राइव्ह शाफ्टचे फाटलेले बूट (रबरी आवरणे) आणि बुडाच्या पत्र्यावरचे ठोके त्याने पाहावेत. स्कॅनर लावून जुने दोष-संकेत वाचावेत, आणि सगळे संकेत नुकतेच पुसलेले दिसले तर का पुसले, ते विचारावे. काही शंका उरली असेल, तर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजणे सर्वांत खात्रीचे. आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे आहे, आणि एकच सिलिंडर इतरांपेक्षा बराच खाली असेल तर ती गाडी सोडावी. याच वेळी चॅसी आणि इंजिन क्रमांक आरसीशी अक्षर न अक्षर ताडून पाहावेत.

भाव करताना ‘थोडे कमी करा’ असे म्हणण्यापेक्षा मेकॅनिकने काढलेल्या कामांची यादी पुढे ठेवावी. टायर, बॅटरी, क्लच, पुढचे बुश अशा खर्चांना विकणाराही नाकारू शकत नाही.

पैसे आणि मालकी

टोकन दिल्यास त्याची पावती गाडीच्या क्रमांकासह घ्यावी आणि उरलेली रक्कम शक्यतो बँकेमार्फत द्यावी. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर विकणाऱ्याच्या सह्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत, मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि दोन्ही चाव्या हाती आल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा. गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळ लिहिलेल्या कागदावर दोघांनी सह्या कराव्यात. त्या वेळेनंतरची चलने कुणाची, हा वाद त्यामुळे उरत नाही. डीलरकडून घेत असल्यास तो आरटीओकडे अधिकृत जुन्या वाहनांचा विक्रेता म्हणून नोंदलेला आहे का ते विचारावे. एप्रिल 2023 पासून तशी तरतूद लागू आहे.

मोटार वाहन कायद्यानुसार खरेदीदाराने मालकी बदलाचा अर्ज 30 दिवसांत करायचा असतो आणि विमा आपल्या नावे करून घेण्यासाठी विमा कंपनीला 14 दिवसांत कळवायचे असते. दुसरी मुदत बरेच जण विसरतात, आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा करण्याची वेळ आल्यावर पॉलिसी जुन्याच मालकाच्या नावे असल्याचे लक्षात येते. विकणाऱ्याचाही यात स्वार्थ आहे, कारण अपघात झाल्यास नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक मानून जबाबदारी त्याच्यावर येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘नावावर नंतर करू’ असे म्हणणाऱ्या एजंटाचे दोघांनीही ऐकू नये. जुना फास्टॅग विकणाऱ्याने बंद करावा आणि आपण आपल्या नावे नवा घ्यावा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली नसेल, तर तीही याच वेळी मागवावी.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन ऑइल व फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाकावे, मागच्या मालकाने ‘कालच बदलले’ असे सांगितले असले तरीही. त्या दिवशीचा मीटर एका वहीत लिहावा आणि पुढे प्रत्येक वेळी टाकी पूर्ण भरताना लिटर व किलोमीटर नोंदवावेत. दर हजार किलोमीटरला सकाळी थंड इंजिनात ऑइल आणि कूलंट पाहावे. तीन-चार हजार किलोमीटरच्या नोंदीतून गाडी ऑइल किती खाते आणि खरे ॲव्हरेज काय देते, हे नेमके समजते. कूलंट थोडेही कमी होत असेल, तर गळती सापडेपर्यंत लांबच्या प्रवासाला गाडी नेऊ नये.